जावयाची गाडी, सासऱ्यांचं लायसन्स

पत्र: मी ६३ वर्षांचा निवृत्त गृहस्थ, राहणार नाशिक. मे ते ऑक्टोबर आम्ही दोघं मुलीकडे फ्रीमाँटला, कॅलिफोर्नियात जाणार आहोत, व्हिजिटर व्हिसावर. जावई म्हणतात, ‘बाबा, दुसरी गाडी दिवसभर घरीच उभी असते, बिनधास्त चालवा. इथे इन्शुरन्स माणसाला नसतो, गाडीला असतो.’ नातू ५ वर्षांचा आहे. त्याला रोज शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे द्यायचं घरात ठरतंय. ३५ वर्षं गाडी चालवतोय, एकही क्लेम नाही. माझं लायसन्स सप्टेंबरमध्ये संपतं. तोवर इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलं की झालं ना? आणखी एक: डिसेंबरमध्ये न्यू जर्सीचा पुतण्या लग्नाला येतोय, तो अमेरिकन नागरिक आहे. त्याला इथे माझी गाडी दिली तर चालेल का?

सप्रेम नमस्कार.

जावयांनी सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत पॉलिसी मुख्यतः गाडीमागे चालते. मालकाने राजीखुशीने किल्ली दिली असेल, तर बहुतेक पॉलिसींमध्ये पाहुणा चालकही त्यात येतो. त्याला तिथे ‘पर्मिसिव्ह युजर’ म्हणतात. उरलेलं अर्धं दोन प्रश्नांवर अडतं. कंपनीच्या लेखी तुम्ही खरंच पाहुणे आहात का? आणि तुम्ही चालवत असताना पॉलिसी किती रकमेपर्यंत तुमच्या पाठीशी उभी राहते?

या दुसऱ्या प्रश्नात आपल्याकडची सवय घात करते. भारतात थर्ड पार्टी विम्यात समोरच्याचा मृत्यू झाला किंवा त्याला दुखापत झाली, तर भरपाईला रकमेची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ते कंपनी भरते. समोरच्याच्या मालमत्तेपुरती मात्र साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. आणि चालक म्हणाल, तर वैध लायसन्स असलेला कोणीही. म्हणून आपण ‘इन्शुरन्स आहे ना?’ एवढं विचारून मोकळे होतो. अमेरिकेत ‘आहे का’ विचारून भागत नाही, ‘किती आहे’ ते विचारावं लागतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायद्याने किमान मर्यादा ३०/६०/१५ आहे. म्हणजे एका जखमीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० आणि समोरच्याच्या गाडी-कुंपणासाठी १५,०००. तिथलं एखादं ऑपरेशन आणि चार दिवसांचं हॉस्पिटल यात पहिला आकडा सहज संपतो.

तुमच्या मुलीची पॉलिसी १००/३००/१०० ची असू शकेल. नोकरदार घरात साधारण तशी असते. पण कॅलिफोर्नियात कंपन्यांना एक कलम घालायची मुभा आहे: पॉलिसीत नाव नसलेला चालक असेल, तर मर्यादा आपोआप कायदेशीर किमानावर उतरते. याला ‘स्टेप डाऊन’ म्हणतात. समजा, तुम्ही पार्किंगमधून मागे घेताना एका महागड्या इलेक्ट्रिक गाडीचं दार आणि बॅटरीखालचा भाग चेपला आणि बिल झालं २८,००० डॉलर. मुलगी चालवत असती तर कंपनीने सगळे भरले असते. तुम्ही चालवत होतात म्हणून कंपनी १५,००० भरून थांबते आणि उरलेले १३,००० चालकाच्या, म्हणजे तुमच्या अंगावर येतात. काही पॉलिसींमध्ये नाव नसलेल्या चालकासाठी आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचं डिडक्टिबलही, म्हणजे क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायची रक्कमही, दुप्पट होतं, ५०० चे १,००० डॉलर. हे कलम सगळ्याच पॉलिसींत असतं असं नाही. पण असलं तर ते आत कुठेतरी असतं, पहिल्या पानावर नाही, आणि पॉलिसी आतपर्यंत कोण वाचतं?

आता पहिला प्रश्न, आणि तुमच्या बाबतीत हाच जास्त अवघड आहे. पर्मिसिव्ह युजर म्हणजे अधूनमधून, प्रसंगाने गाडी घेणारा. तीन आठवडे राहून दोनदा दुधा-भाजीला गाडी नेली, तर तो पाहुणा. तुम्ही जवळजवळ सहा महिने त्याच घरात राहणार आणि शाळेच्या दिवसांत रोज दोन फेऱ्या मारणार. कंपनीच्या भाषेत याला ‘रेग्युलर यूज’ म्हणतात. त्यात पॉलिसीतल्या ‘फॅमिली मेंबर’ची व्याख्या साधारण अशी असते: रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याने जोडलेला आणि त्याच घरात राहणारा. नातं तर आहेच. सहा महिन्यांचा मुक्काम म्हणजे ‘राहणं’ का, यावर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो. काही कंपन्या ३० दिवसांनंतर नाव कळवायला सांगतात, काही ६० नंतर. व्हिसा व्हिजिटरचा आहे, एवढ्याने कंपनी तुम्हाला पाहुणे धरेल असं नाही.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिथे गाडीच्या पॉलिसी बहुधा सहा-सहा महिन्यांच्या असतात. तुमच्या मुक्कामात एक रिन्यूअल येणारच. त्या वेळी ‘घरात वाहन चालवण्याच्या वयाचे आणखी कोण राहतात’ असं विचारलं गेलं आणि घाईत ‘कोणी नाही’वर टिचकी पडली, तर ती चुकीची माहिती ठरते. पुढे मोठा क्लेम आला की कंपनी आधी हाच अर्ज काढून बघते, आणि मग प्रश्न एका क्लेमपुरता राहत नाही. पॉलिसी मुळापासून रद्द करण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. तेव्हा सासऱ्यांच्या हातून घडलेल्या अपघाताची झळ मुलगी-जावयालाच बसते.

म्हणून आमचं स्पष्ट मत: नातवाची शाळा तुमच्याकडे येणार असेल, तर मुक्कामापुरतं तुमचं नाव पॉलिसीत चालक म्हणून घालून घ्या. पैसे वाचवायला ‘पाहुणे’ म्हणवून घेऊ नका.

फोन मुलीने किंवा जावयांनीच करायचा. कंपनी पॉलिसीधारकाशीच बोलते, तुम्ही नाशिकहून फोन करून उपयोग नाही. फोनआधी त्यांनी पॉलिसीचं डेक्लरेशन पेज समोर ठेवावं. त्यात चालकांची नावं, प्रत्येक मर्यादा आणि डिडक्टिबल असतं. ‘एक्सक्लूडेड ड्रायव्हर’ असा रकाना असेल तर तो आधी वाचावा. गेल्या खेपेला तुम्ही गेला होतात तेव्हा प्रीमियम वाढू नये म्हणून जावयांनी तुमचं नाव ‘हे गाडी चालवणार नाहीत’ या यादीत घातलं असेल आणि ती सही अजून लागू असेल, तर तुमच्या हातात गाडी म्हणजे बिनविम्याची गाडी. मग परवानगी, नातं, परमिट, काहीही कामाला येत नाही.

फोनवर विचारायचं ते असं. माझे सासरे भारतीय लायसन्सवर मे ते ऑक्टोबर आमच्याकडे राहणार आहेत आणि गाडी नेहमी चालवणार आहेत. त्यांना नाव न घालता कव्हर आहे का, किती दिवस? नाव नसलेल्या चालकासाठी लायबिलिटीची (समोरच्याच्या भरपाईची) मर्यादा आणि डिडक्टिबल बदलतं का? परदेशी लायसन्सवर नाव घालता येतं का, आणि परत गेल्यावर काढलं की उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळतो का? उत्तर तोंडी घेऊन थांबू नये. ईमेलवर किंवा ॲपच्या चॅटमध्ये लेखी मागावं आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. ‘हो हो, गाडीला कव्हर आहे’ असं गोड बोलणारा माणूस क्लेमच्या दिवशी फोनवर नसतो.

नाव घातलं की प्रीमियम वाढेल, कारण तुमची ३५ वर्षं अमेरिकन कंपनीच्या संगणकात दिसत नाहीत. तिच्या लेखी तुम्ही नवशिके. काही कंपन्या परदेशी लायसन्सवर नाव घालतच नाहीत. तसं झालं तर मुक्कामाच्या आधी, घाई नसताना दुसऱ्या कंपनीचे दर मागवावेत. त्याच फोनमध्ये लायबिलिटी किमान १००/३००/१०० आहे ना, हेही बघावं. कमी असेल तर वाढवून घ्यावी. किमानावरून वर जायला लागणारा जादा पैसा त्या संरक्षणाच्या मानाने थोडा असतो. गाडी लीजवर असेल तर लीजच्या करारात चालकांविषयी काही अट आहे का, तेवढं पाहावं.

तुमच्या नाशिकच्या गाडीची पॉलिसी तिथे चालत नाही. जादा प्रीमियम भरून तिची हद्द नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढते, तेवढीच. प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असं कलम दिसलं तरी त्यातून मोटार बहुधा वगळलेली असते.

स्वतःच्या शरीराचं काय, हेही विचारात घ्या. लायबिलिटी समोरच्यासाठी असते. चूक तुमची असेल तर तुमच्या मोडलेल्या मनगटाला त्यातून एक डॉलर मिळत नाही. त्यासाठी पॉलिसीत ‘मेडिकल पेमेंट्स’ हा भाग असतो. तो गाडीत बसलेल्या कोणालाही लागू होतो, पण रक्कम बहुधा ५,००० डॉलरच्या आसपास असते. शिवाय काही पॉलिसींमध्ये एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनी एकमेकांविरुद्ध दुखापतीचा दावा करायचा नाही, असं कलम असतं. तुम्ही चालवताय आणि शेजारी वहिनी बसल्या आहेत, अशा वेळी हे कलम आडवं येतं. तेव्हा दोघांचा व्हिजिटर मेडिकल विमा घेताना मोटार अपघात त्यात आहे का, ते वाचूनच घ्या.

आता लायसन्स. कॅलिफोर्नियात १८ वर्षांवरील पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते, तिथलं लायसन्स काढावं लागत नाही. अट एकच: मूळ लायसन्स वैध हवं. तुमचं सप्टेंबरमध्ये संपतं, म्हणजे सप्टेंबरनंतर ऑक्टोबरपर्यंत तुम्ही विनालायसन्स चालक. इथेच तुमचा क्रम उलटा आहे. इंटरनॅशनल परमिटची मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. आधी परमिट काढलंत तर तेही सप्टेंबरमध्येच संपेल. म्हणून आधी लायसन्सचं नूतनीकरण, मग परमिट. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. त्यासाठी नमुना १-अ चं डॉक्टरी प्रमाणपत्र लागेल आणि तुमच्या वयाला लायसन्स ५ वर्षांसाठी मिळेल. मार्चमध्येच सुरुवात करा, कार्ड टपालाने हातात यायला वेळ जातो. परमिटचा अर्ज परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर नमुना ४-अ मध्ये भरायचा, शुल्क १,००० रुपये.

दोन्हीवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का ते बघा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असा गोंधळ असतो. नूतनीकरणाबरोबरच तो दुरुस्त करून घेणं सोपं जातं. मूळ स्मार्ट कार्ड बरोबर न्या. डिजिलॉकरमधली प्रत तिथल्या पोलिसाला काही सांगत नाही. परमिट हे लायसन्स नव्हे, ते लायसन्सचं भाषांतर आहे. कॅलिफोर्निया ते मागत नाही, तरी घेऊन जा. मुलगी तुम्हाला दुसऱ्या राज्यात फिरायला नेईल, तिथला नियम वेगळा असू शकतो. आणि हे सगळं व्हिजिटर व्हिसापुरतं आहे. पुढेमागे ग्रीन कार्डवर गेलात तर तुम्ही रहिवासी, आणि रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढावं लागतं.

गाडी हातात घ्यायच्या आधी रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये तास-दोन तास घालवा. रस्त्याची बाजू बदलली हे लक्षात राहतं, कारण त्याची धास्ती असते. चुका होतात त्या हातापायाच्या सवयीने. मारुती-ह्युंदाईत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिथे ती डाव्या हाताला. पहिले दोन दिवस वळणावर वायपर फिरतील. ते हसण्यावारी नेता येतं. डाव्या पायाचं मात्र नाही. क्लचची सवय असलेला डावा पाय ऑटोमॅटिक गाडीत सिग्नलजवळ आला की जोरात खाली जातो आणि तिथे असतो रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागची येऊन आदळते. डावा पाय डावीकडच्या फूटरेस्टवर टेकवून ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही, एवढा सराव आधी करा. फोर-वे स्टॉपला, म्हणजे चारही बाजूंना ‘स्टॉप’चा फलक असलेल्या चौकात, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, जो आधी आला तो आधी जातो. लाल दिव्याला उजवीकडे वळता येतं, तेही पूर्ण थांबून आणि तसा मनाईचा फलक नसेल तरच. शाळेच्या पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर थांबायचं. नातू ८ वर्षांखालचा आहे, त्याची जागा मागे, बूस्टर किंवा कार सीटमध्ये. ‘इथेच तर जायचंय, घे मांडीवर’ हे तिथे नाही.

पोलिसाने मागून दिवे लावले तर उजवीकडे बाजूला घ्या आणि गाडीतच बसून राहा, हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जायची पद्धत आहे, तिथे ती धोक्याची समजली जाते. विम्याचं कार्ड आणि रजिस्ट्रेशन समोरच्या खणात असतं. ते काढताना आधी सांगून मग हात घाला.

ठोकर लागलीच तर थांबा. कोणी जखमी असेल तर ९११. समोरच्याचं लायसन्स, विम्याचं कार्ड, नंबर प्लेट आणि दोन्ही गाड्यांची जागा यांचे फोटो घ्या. रस्त्यावर ‘चूक माझी, किती देऊ?’ असा हिशेब मिटवू नका. रोख दिलेत तरी पुढच्या आठवड्यात मानदुखीचा दावा येऊ शकतो. मुलीने त्याच दिवशी कंपनीला कळवावं. कोणालाही दुखापत झाली असेल किंवा कोणाचंही नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल, तर चूक कोणाचीही असो, १० दिवसांत तिथल्या डीएमव्हीला, म्हणजे वाहन विभागाला, एसआर-१ हा फॉर्म द्यावा लागतो. नुसता बंपर बदलायचा म्हटलं तरी १,००० ओलांडतात, त्यामुळे हा फॉर्म लागणारच असं धरून चाला.

नाशिकला परत आल्यावरही हा विषय संपत नाही. कॅलिफोर्नियात दुखापतीचा दावा लावायला साधारण दोन वर्षं आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी तीन वर्षं मुदत असते. दावा आला तर कंपनी तुमच्या वतीने वकील देते, पण पॉलिसीत सहकार्याचं कलम असतं: कंपनीने विचारलं की उत्तर द्यायचं, जबाब द्यायचा. तिचे ईमेल तुम्ही जाहिरात समजून पुसत राहिलात, तर तेवढ्यावरून ती हात वर करू शकते. म्हणून अपघात झालाच तर परतताना क्लेम नंबर आणि चालू असलेला भारतीय फोन, ईमेल कंपनीकडे नोंदवून निघा.

पुतण्याचं उत्तर थोडक्यात. तुमच्या पॉलिसीत बहुधा ‘वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती’ असं चालकाचं कलम आहे. त्यात तो बसायचा असेल तर त्याच्याकडे अमेरिकेचं चालू लायसन्स आणि त्याबरोबर तिकडूनच, एएए या तिथल्या वाहनचालकांच्या संघटनेकडून काढलेलं इंटरनॅशनल परमिट हवं. इथल्या आरटीओत ते निघत नाही. विमान पकडायच्या आधीच काढायला सांगा. त्याविना चालवताना अपघात झाला, तर तुमच्या गाडीचं नुकसान कंपनी नाकारेल आणि समोरच्याला दिलेली भरपाई मालक म्हणून तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकेल. तुमच्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाचा, म्हणजे तुमचा आहे. पुतण्याला तो लागू नाही, त्याचा प्रवास विमा त्याने पाहावा. आणि तो ऑटोमॅटिकवर शिकलेला असणार. तुमची गाडी गिअरची असेल, तर लग्नाच्या धावपळीसाठी आठ दिवस ड्रायव्हर ठेवलेला बरा.